चॅट्सवर्थ: मुलं बरोबर असतील तर आधी पाणी, मग वाडा

डर्बीशरमधलं चॅट्सवर्थ म्हणजे ड्यूक ऑफ डेव्हनशर घराण्याचा वाडा, त्याला लागून १०५ एकरांची बाग, वरच्या अंगाला मुलांसाठीचं फार्मयार्ड आणि खेळायची जागा, आणि या सगळ्याला वेढणारं सुमारे १,००० एकरांचं कुरण. इंग्लंडात राहणाऱ्या मराठी घरांत उन्हाळ्यात आजी-आजोबा आले की सगळ्यांना घेऊन कुठे जायचं या चर्चेत हे नाव हमखास निघतं. आमचं मत आधीच सांगून टाकतो. दिलेले पैसे वसूल होतील अशी ही जागा आहे, पण बहुतेक कुटुंबं ती ज्या क्रमाने बघतात तो क्रम मुलांच्या दृष्टीने उलटा आहे. फोटोत वाडा असतो म्हणून सकाळी ताजीतवानी मुलं आधी वाड्यात नेली जातात. दीड-दोन तास ‘हात लावू नको’ ऐकून ती बाहेर येतात तेव्हा कंटाळलेली आणि भुकेली असतात, आणि जी बाग त्यांच्यासाठीच केल्यासारखी आहे ती मग कुरकुर करत उरकली जाते.

तिकिटांचं आधी नीट समजून घ्या. घर आणि बाग मिळून एक तिकीट, फक्त बागेचं दुसरं, आणि फार्मयार्ड व खेळायच्या जागेचं तिसरं. कुरण आणि मागची टेकडी चालणाऱ्यांना वर्षभर मोकळी असते, तिथे तिकीट लागत नाही; पार्किंगचे पैसे मात्र धरून चाला. घराच्या तिकिटावर आत जायची वेळ ठरलेली असते. दर मोसमाप्रमाणे बदलतात, तेव्हा ओळखीच्यांनी गेल्या वर्षी सांगितलेल्या आकड्यावर विसंबू नका. आरक्षण आधीच करा आणि तिकीट फोनमध्ये उतरवून ठेवा. या डोंगराळ भागात सिग्नलच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही.

तिन्ही गोष्टी एका दिवसात बसवायचा मोह होतो. मूल पाचाच्या आतलं असेल तर तो सोडून द्या. फार्मयार्डला दोन-तीन तास लागतात, बागेला किमान दोन, घराला दीड ते दोन, आणि मध्ये जेवण. अशा मुलांसाठी फार्मयार्ड आणि मोकळं कुरण एवढं पुरतं. सात वर्षांच्या वरच्यांसाठी बाग आणि घर घ्या, फार्मयार्ड सोडा. पाच ते सातमधलं मूल असेल तर फक्त बाग.

आणखी एक गैरसमज दरवाजातच उघडा पडतो. जुने वाडे सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं वार्षिक कार्ड इथे चालत नाही. चॅट्सवर्थ त्या संस्थेकडे नाही, ते १९८१ साली स्थापन झालेल्या स्वतंत्र विश्वस्त निधीमार्फत चालतं. यामागचा इतिहास मोठ्या मुलांना सांगण्यासारखा आहे. १९५० साली दहावे ड्यूक वारले आणि इस्टेटीवर ८० टक्के वारसा कर बसला. त्याच्या वाटाघाटी मिटायला १७ वर्षं लागली. त्यापायी जमिनी, चित्रं, पुस्तकं गेली आणि घराण्याचा दुसरा वाडा, हार्डविक हॉल, सरकारला द्यावा लागला. तो १९५९ साली नॅशनल ट्रस्टकडे आला. म्हणून ते कार्ड हार्डविकला चालतं आणि चॅट्सवर्थला नाही. हे दोन्ही वाडे गाडीने तासाभराच्या आतच्या अंतरावर आहेत. शनिवार-रविवार मुक्काम करणार असाल तर एक दिवस तिकडे काढा.

गाडीने येताना एम१ महामार्गाच्या २९व्या जंक्शनवरून उतरून चेस्टरफील्ड, बॅस्लो असा रस्ता आहे. बँक हॉलिडे, ऑगस्टमधले शनिवार-रविवार आणि नाताळची सजावट असते ते दिवस, या तिन्ही वेळी अकरानंतर रांग लागते. त्यावर उपाय एकच, दरवाजे उघडायच्या आधी पंधरा मिनिटं पोचणं. नकाशाच्या ॲपमध्ये नुसतं ‘चॅट्सवर्थ’ टाकू नका. इस्टेटीचं फार्म शॉप पिल्सली गावात, दीडेक मैलावर आहे, आणि कॅल्टन लीजचं वाहनतळही वाड्यापासून लांब आहे. ॲपने तिकडे नेलं की लहान मुलांना घेऊन बरीच पायपीट पडते. ‘चॅट्सवर्थ हाउस’ असं पूर्ण लिहा आणि शेवटच्या मैलात रस्त्यावरच्या पाट्यांवर विश्वास ठेवा. गाडी नसेल तर लंडनच्या सेंट पँक्रसहून चेस्टरफील्डला साधारण दोन तासांत थेट रेल्वे येते, तिथून टॅक्सी. शेफील्डहून बेकवेलला जाणारी २१८ क्रमांकाची बस वाटेत चॅट्सवर्थला थांबते.

आता बाग. इथलं सगळं पाणी टेकडीवरून येतं आणि ते स्वतःच्या वजनानेच येतं. मुलांना हे एक सूत्र हातात दिलं की पुढचे दोन तास त्यांना कुठे नेऊ असा प्रश्न पडत नाही, तीच पुढे पळतात.

सुरुवात वाड्याच्या दक्षिणेकडच्या लांबट तळ्यापासून करा. त्यात एम्परर फाउंटन आहे. १८४४ साली रशियाचा झार पहिला निकोलस येणार म्हणून सहाव्या ड्यूकने ते बनवायला सांगितलं आणि त्याचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने ते केलं. त्यासाठी वाड्यापेक्षा ३५० फूट उंचीवर, वरच्या माळावर, आठ एकरांचं तळं खणलं. रात्री मशालींच्या उजेडात काम चालवून सहा महिन्यांत ते पुरं केलं. कारंज्याचं पाणी २९६ फुटांपर्यंत चढल्याची नोंद आहे. एवढं करून झार आलाच नाही.

मुलं विचारतात की पंप कुठे आहे. पंप नाही. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तळमजल्याच्या नळाला जोरात येतं तेच इथे, फक्त टाकी शंभर मीटर उंच. पाण्याच्या दर दहा मीटर उंचीमागे साधारण एक वातावरणाइतका, म्हणजे आपल्या भोवतीच्या हवेच्या दाबाइतका, दाब वाढतो, म्हणजे खालच्या नळीत दहा वातावरणांच्या आसपास दाब तयार होतो. सहावी-सातवीतल्या मुलाला हा हिशेब तिथेच उभं राहून करायला लावा, चांगला डोक्यात बसतो. पाणी तळ्यात साठेल तेवढंच वापरता येतं, म्हणून कोरड्या उन्हाळ्यात कारंजं कमी वेळ किंवा कमी उंच चालवतात. जोराचा वारा असला तरी उंची कमी ठेवतात, नाहीतर फवारा रस्त्यावरच्या लोकांवर जातो. ‘फोटोत दिसतं तेवढं उंच का नाही’ या तक्रारीचं उत्तर हेच. याच पाण्यावर १८९३ पासून वाड्यासाठी वीजही तयार केली गेली.

तळ्यावरून डोंगराच्या बाजूला वळलं की पायऱ्यापायऱ्यांचा धबधबा दिसतो. हा कॅस्केड फ्रेंच अभियंता ग्रिए याने १६९६ साली बांधला आणि काही वर्षांत आणखी मोठा केला. त्याला २४ टप्पे आहेत. टप्प्यांची रुंदी आणि दगडावरची खोदाई जागोजागी वेगळी आहे, त्यामुळे पाण्याचा आवाज प्रत्येक टप्प्याला बदलतो. पाणी वाहत असेल तर मुलाला डोळे मिटून कडेकडेने वर चढायला लावा, हात धरून. आवाज कुठे जाड होतो, कुठे पातळ, ते त्याला आपसूक कळतं. पण दगडी बांधकामातून गळती वाढल्याने कॅस्केडची मोठी दुरुस्ती हाती घ्यावी लागली आणि पाणी बंद ठेवावं लागलं. जायच्या आधी तो सुरू आहे का हे संकेतस्थळावर नक्की बघा. इंटरनेटवरचे पाण्यात पाय सोडून बसलेल्या मुलांचे जुने फोटो मुलांना दाखवून नेऊ नका.

कॅस्केड बंद असला तरी जवळच विलो ट्री फाउंटन आहे. लांबून वाळक्या, झुकलेल्या फांद्यांचं साधं झाड वाटतं. जवळ गेलं की खोड आणि पानं तांब्याची असल्याचं दिसतं आणि फांद्यांच्या टोकांतून पाणी उडू लागतं. मूळचं झाड सतराव्या शतकाच्या शेवटी बसवलेलं. १८३२ साली तेरा वर्षांची राजकन्या व्हिक्टोरिया इथे आली तेव्हा तिलाही ते फार आवडलं होतं. मुलं भिजतात ती इथेच. त्यामुळे प्रत्येक मुलामागे एक पूर्ण जोड, मोजे धरून, आणि एक पातळ पंचा पाठपिशवीत हवाच. डर्बीशरच्या टेकड्यांवर जुलैमध्येही वारा गार असतो आणि ओल्या मोज्यांवर मूल अर्ध्या तासात रडकुंडीला येतं. पिशवी गाडीत ठेवू नका, वाहनतळापर्यंतचा चढ-उतार दोनदा करावा लागतो.

पुढे भूलभुलैया. १९६२ साली यू जातीच्या झाडांची कुंपणं लावून तो केला, आणि तो ज्या जागेवर आहे तिथे आधी पॅक्स्टनचं प्रचंड काचघर होतं. २७७ फूट लांब. १८४३ साली राणी व्हिक्टोरिया त्यातून बग्गीत बसून गेली, दोन बग्ग्या शेजारून जातील एवढा मधला रस्ता होता. हे घर उबदार ठेवायला जमिनीखाली आठ बॉयलर होते आणि त्यांचा कोळसा भुयारातल्या छोट्या रुळांवरून यायचा, म्हणजे बागेतल्या पाहुण्यांना ना धूर दिसावा ना मजूर. पहिल्या महायुद्धात कोळसा मिळेना, आतली झाडं गेली आणि १९२० साली ते सुरुंग लावून पाडलं. कोळशाचं भुयार मात्र शिल्लक आहे. भूलभुलैयातून बाहेर आलेल्या मुलांना लगेच त्या भुयारात न्या, काचघराची गोष्ट तिथे सांगा.

भूलभुलैयात एक काळजी घ्या. यूची पानं, बिया सगळं विषारी असतं. शरद ऋतूत त्याला लाल, गरदार, खाण्याजोगी वाटणारी फळं लागतात. गर वगळता आतली बी धोक्याची. आत शिरण्याआधीच मुलांना स्पष्ट सांगा आणि दोन-तीन वर्षांच्या मुलाला तिथे कडेवर घ्या. बाहेर पडायची वाट सापडेना तर सतत एकाच बाजूच्या कुंपणाला हात ठेवून चालण्याची युक्ती सांगितली जाते. ती दरवाजापासूनच सुरू केली तर दरवाजापर्यंत परत आणते, मध्यापर्यंत नेईलच असं नाही; आत हरवल्यावर सुरू केली तर एकाच कुंपणाभोवती फिरत राहायचीही शक्यता असते.

पॅक्स्टनची आणखी एक गोष्ट मराठी घरांना जास्त जवळची आहे. मॉरिशसमार्गे आलेलं केळीचं एक रोप त्याने इथल्या काचघरात वाढवलं. १८३५ साली त्याला फुलोरा आला आणि पुढच्या वर्षी लंडनच्या प्रदर्शनात त्या केळीला पदक मिळालं. ड्यूकचं आडनाव कॅव्हेंडिश, म्हणून त्या जातीला कॅव्हेंडिश नाव पडलं. जळगावात शेताच्या शेतं पिकणारी बसराई आणि ग्रँड नैन ही दोन्ही याच कॅव्हेंडिश गटातली केळी, आणि इंग्लंडातल्या सुपरमार्केटात मिळतं तेही हेच. म्हणून डब्यात प्रत्येकी एक केळं ठेवा आणि सोलताना हे सांगा. हिंदुस्थानाशी दुसरा धागा आहे तो १८३५ सालचाच. ॲम्हर्स्टिया नावाच्या लाल फुलांच्या झाडासाठी पॅक्स्टनने जॉन गिब्सन या आपल्या माळ्याला कलकत्त्याला धाडलं. तो खासी टेकड्यांमधून ऑर्किडही गोळा करून परतला.

जेवणासाठी आमचा कौल घरच्या डब्याला. बागेत आणि कुरणात सतरंजी टाकून जेवायला आडकाठी नाही, फक्त शेगडी किंवा बार्बेक्यू पेटवायचा नाही. सतरंजीचा खालचा थर प्लॅस्टिकचा असू द्या, गवत दुपारपर्यंत ओलं राहतं. पराठे, तिखटमिठाच्या पुऱ्या, कोरडी बटाट्याची भाजी, दशम्या हे सगळं गार झालं तरी चांगलं लागतं. दहीभात टाळा, मुलांच्या कपड्यांवर जातो आणि मागे मुंग्या. कुरणात मेंढ्या चरत असतात, तेव्हा सतरंजी टाकण्याआधी खाली लेंड्या आहेत का ते बघा आणि जेवणाआधी साबणाने हात धुवा. जुन्या पागेत कॅफे आहे. अठराव्या शतकातली ही पागा वास्तू म्हणून सुरेख आहे, चहाला तिथे जरूर बसा. पण चौघा-पाचांचं जेवण महाग पडतं आणि साडेबारा ते दोन बसायला जागा मिळणं कठीण. शाकाहारी असाल तर सूप कोणत्या पाण्यात शिजवलंय ते विचारा, भाज्यांच्या सुपातही चिकनचा अर्क असू शकतो. दुकानातल्या जेलीच्या गोळ्यांत बहुधा जिलेटिन असतं, पाकीट उलटून वाचा.

जेवण, कोरडे कपडे, आणि मग वाडा. घराची वेळ दुपारी दोनच्या सुमाराची घ्या. सकाळी पाऊस आणि दुपारी उघाड असा अंदाज असेल तर हा क्रम सरळ उलटा करा. पावसात ओली बाग कितीही सुंदर असली तरी चढावरचे दगड निसरडे होतात.

आतला मार्ग एकेरी आहे, मधूनच परत फिरणं अवघड जातं. म्हणून स्वच्छतागृह आधी उरका, पाण्याची बाटली बंद करून पिशवीत ठेवा आणि पाठीवरची पिशवी पोटाशी घ्या. वळताना पिशवीचा धक्का लागून वस्तू पडू नये म्हणून तिथले कर्मचारीही हेच सांगतात. जिने आहेत, त्यामुळे बाळ असेल तर झोळी किंवा कॅरियर बरी. बाबागाडी, व्हीलचेअर आणि लिफ्टबद्दल आरक्षण करतानाच विचारा. आजीचे गुडघे दुखत असतील तर दारात पोचून विचारण्यात वेळ आणि उमेद दोन्ही जातात.

खोल्यांची यादी पुरी करायच्या मागे लागू नका. मुलांना पाच गोष्टी शोधायला सांगा, बाकीच्या ओलांडून जा. पहिली, पेंटेड हॉल. छतापर्यंत लुई लागेअरने काढलेले ज्युलियस सीझरचे प्रसंग आहेत. मुलांना जमिनीवर उभं राहून नुसतं वर बघत गोल फिरू द्या. दुसरी, संगमरवराचा एकच प्रचंड पाय. मूळ ग्रीक पुतळा केवढा असेल याचा अंदाज मुलांना बांधायला सांगा. अंगठ्याची उंची आपल्या हाताने लांबूनच मोजा, स्पर्श न करता. तिसरी, सिंहाचं तोंड असलेली इजिप्तची देवी सेखमेत.

चौथी सगळ्यात मजेची. वरच्या मजल्यावर संगीताच्या दालनात एक दार अर्धवट उघडं दिसतं आणि त्यामागे, आतल्या दारावर, रुपेरी खुंटीला व्हायोलिन टांगलेलं असतं. ते व्हायोलिन रंगवलेलं आहे. अठराव्या शतकात यान व्हान डर वार्ट याने काढलं. आधी काही सांगू नका. मुलांना लांबून विचारा की हे व्हायोलिन वाजवायला कोण काढणार. मग एकेक पाऊल पुढे येऊन, आणि डावीकडून उजवीकडे सरकून बघायला सांगा. खरी वस्तू असती तर तिच्या मागचा भाग बाजूने थोडा दिसला असता. इथे तो दिसत नाही, आणि सावलीही हलत नाही. हुशार मूल या दोन खुणांवरून आपणहून ओळखतं.

पाचवी, शेवटच्या शिल्पदालनातले दोन सिंह आणि रफाएले मोंती याची १८४७ सालची चेहऱ्यावर बुरखा घेतलेली स्त्री. दगडाचं कापड पारदर्शक कसं दिसतं हे बघायला मोठी माणसंही रेंगाळतात. कापडाच्या सुरकुत्या जिथे पातळ कोरल्यात तिथे खालचं नाक-ओठ उमटल्यासारखे वाटतात. डोळा उरलेलं काम स्वतःच करतो.

राजेशाही दालनं अंधारी असतात. यात हलगर्जीपणा काही नाही. पडदे, गालिचे आणि जुनं कापड उजेडाने विटतं, म्हणून झडपा जवळजवळ लावून ठेवतात. लहान मुलं इथे बिचकतात किंवा कंटाळतात. ही दालनं पहिल्या ड्यूकने राजा विल्यम आणि राणी मेरी यांच्या मुक्कामासाठी सजवली होती, आणि ती जोडीही कधी आली नाही. त्याहून मुलांना पटेल अशी गोष्ट दुसऱ्या महायुद्धातली आहे. वेल्समधली पेनरॉस कॉलेज ही मुलींची शाळा १९३९ मध्ये इथे हलवली आणि १९४६ पर्यंत होती. याच दालनांत मुलींच्या खाटा ओळीने लावलेल्या. रात्रभराच्या श्वासांची वाफ भिंतींवर साचून काही चित्रांमागे बुरशी धरली. झार आणि राजाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मुलं घरी जाऊन सांगतात.

फार्मयार्ड १९७३ साली सुरू झालं ते अन्न कुठून येतं हे मुलांना कळावं या हेतूने. गाई, मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, कोंबड्या असतात, आणि प्राणी हाताळायच्या वेळा ठरलेल्या असतात. पोचल्या पोचल्या त्या दिवसाचं वेळापत्रक बघा आणि त्याभोवती खेळायचं ठरवा. उलटं केलं की प्राण्यांची वेळ टळते आणि घसरगुंडीवरून मूल उतरत नाही. वाळू आणि पाण्याचा खेळ आहे, तेव्हा इथेही जादा कपडे आणि गमबूट लागतील.

इथे सगळ्यात जास्त चुकतं ते हात धुण्यात. पर्समधल्या सॅनिटायझरवर लोक निभावून नेतात. शेतातल्या प्राण्यांकडून पसरणारे ई. कोलाय ओ१५७ आणि क्रिप्टोस्पोरिडियम या पोट बिघडवणाऱ्या जंतूंसाठी तो पुरेसा नाही. क्रिप्टोस्पोरिडियमच्या कवचावर अल्कोहोलचा फारसा परिणाम होत नाही आणि हात मळलेले असतील तर जेल नीट पोचतच नाही. वाहतं पाणी आणि साबण, बोटांच्या बेचक्यांसकट. प्राण्यांकडून निघाल्यावर एकदा आणि खाण्याआधी पुन्हा. बाळाची चोखणी किंवा हातातली बाटली प्राण्यांजवळ बाहेर काढूच नका, आणि बाबागाडीची चाकं व बूट गाडीत बसण्याआधी पुसा. बरोबर कुणी गरोदर असेल तर मेंढ्या वितात त्या दिवसांत, म्हणजे साधारण वसंतात, तिने मेंढ्या-कोकरांना हात लावू नये, त्यांच्याशी संपर्क आलेले कपडेही हाताळू नयेत. गर्भाला धोका पोचवणारे जंतू त्यांच्यात असू शकतात. आईबाबा हौसेने कोकरू तिच्या हातात देतात, म्हणून मुद्दाम लिहिलं.

पैसे वाचवायचे असतील तर फुकटातला दिवसही भरगच्च होतो. वाड्यामागच्या स्टँड वुडमधून चढ चढून गेलं की १५८० च्या दशकातला हंटिंग टॉवर लागतो आणि आणखी वर ते एम्परर लेक, म्हणजे कारंज्याची टाकी. चढ खडा आहे, बाबागाडीला पायऱ्यांची वाट जमत नाही, गाडीरस्त्याने लांबून जावं लागतं. सहा वर्षांच्या वरची मुलं चढतात, वाटेत गूळ-शेंगदाणे द्यायचे. खाली डरवेंट नदीकाठचं सपाट कुरण कॅपॅबिलिटी ब्राउन या बागा आखणाऱ्याने अठराव्या शतकात आखलं. आजी-आजोबांना तीच वाट सोयीची. उन्हाळ्यात मुलं काठाशी पाण्यात उतरतात. दोन दिवस पाऊस झाला असेल तर उतरू देऊ नका, ओढ वाढते, आणि बांधाच्या जवळपास तर कधीच नाही. उंच गवतातून आणि नेच्यातून फिरल्यावर संध्याकाळी गुडघ्यामागे, मांडीच्या सांध्यात आणि केसांच्या कडेला गोचीड बघा. सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, पिळू नका, तेल लावू नका.

कुरणात आणि बागेत लोक कुत्री आणतात, दोरीला बांधून. घरात आणि फार्मयार्डात मदतनीस कुत्र्यांखेरीज परवानगी नाही. कुत्र्याला घाबरणारं मूल असेल तर दिवस तसा ठरवा.

वर्षभरातला सगळ्यात चांगला काळ मेचा दुसरा पंधरवडा आणि जून, शाळेची मधली सुट्टी वगळून. झाडी हिरवी, दिवस लांब, आणि गर्दी ऑगस्टच्या मानाने कमी. नोव्हेंबरपासून नाताळपर्यंत घर आतून सजवतात. पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाडा दाखवायचाच असेल तर तो याच काळात दाखवा, एरवी न थांबणारं मूल प्रत्येक खोलीत थांबतं. पण तिकिटं लवकर संपतात, गर्दी दाट असते आणि चारच्या सुमाराला अंधार पडतो, त्यामुळे बाग वेगळी बघायला वेळ उरत नाही. नाताळच्या सजावटीनंतर ते मार्चपर्यंत घर बहुधा बंद असतं. ऑगस्टअखेर-सप्टेंबरच्या सुरुवातीला कुरणात कंट्री फेअर भरते. त्या दिवसांत फक्त वाडा बघायला येऊ नका, अर्धा दिवस रस्त्यात जातो.

परतीच्या वाटेवर पिल्सलीचं फार्म शॉप जेवणाचं सामान घ्यायला चांगलं आहे; भाज्या आणि ब्रेड ताजे, दर सुपरमार्केटपेक्षा चढे. बसने आला असाल तर परतीची शेवटची २१८ किती वाजता आहे ते सकाळी उतरतानाच थांब्यावर बघून फोटो काढून ठेवा. रविवारचं आणि हिवाळ्याचं वेळापत्रक वेगळं असतं, आणि ती चुकली तर संध्याकाळी तिथून टॅक्सी मिळवताना मुलांचे हाल होतात.